‘ग्रुपवर टाकलं होतं ना!’

मागच्या वर्षी आमच्या आढावा बैठकीत एका मुलीच्या अर्जाचा विषय निघाला. मुलगी बौद्ध समाजातली, आई-वडील ऊसतोडीला जाणारे, जिल्ह्याच्या ठिकाणी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही म्हणून आम्ही तिचा स्वाधार योजनेचा अर्ज भरून दिला होता. अर्जात त्रुटी निघाली. भाडेकराराची प्रत अस्पष्ट होती, पाच दिवसांत स्वच्छ प्रत द्यायची होती. ती दिली गेली नाही आणि अर्ज बाद झाला. खोलीभाडे आणि मेसचा पैसा बुडाला. मुलगी दिवाळीला गावी आली ती परत कॉलेजला गेलीच नाही.

बैठकीत विचारणा झाली की त्रुटी कळवली होती का. कळवली होती. तालुक्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, रात्री नऊ वाजून चाळीस मिनिटांनी, पत्राचा आडवा फोटो काढून. त्याच्या वर कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा, खाली ‘अभिनंदन सर’चे तीसेक मेसेज. ज्या ताईंकडे ही मुलगी होती, त्यांच्या फोनवर त्या एका ग्रुपचे दोनशेच्या वर मेसेज न वाचलेले होते. आणि असे त्यांचे अकरा ग्रुप. “मॅडम, खरंच दिसला नाही ओ,” त्या म्हणाल्या. वरून उत्तर आले, “ग्रुपवर टाकलं होतं ना!”

तिथे विषय संपला. चूक ताईंच्या नावावर लागली. त्या खोलीत मीही होतो आणि मीही गप्प बसलो, हे आधीच सांगून ठेवतो.

मित्रांनो, हे एकच वाक्य आज आपल्या कार्यालयांत, संस्थांत, शाळांत, आरोग्य केंद्रांत जबाबदारी झटकण्याचे सर्वात सोपे साधन झाले आहे. निरोप आपण देतो, मेसेज आपण टाकतो. निरोप द्यायचा तर समोर कुणीतरी घेणारा लागतो. टाकायला कुणी लागत नाही. टाकणारा मोकळा होतो आणि पुढचे सगळे ओझे वाचणाऱ्याच्या डोक्यावर जाते. हे ओझे नेहमी वरून खाली येते, खालून वर जात नाही. म्हणून न वाचलेल्या मेसेजचा प्रश्न हा मोबाईलच्या सवयीचा प्रश्न नाही, तो श्रमाचा आणि उतरंडीचा प्रश्न आहे. आणि ज्या ॲपवर हे सगळे चालते, त्याची रचना कुणीतरी माणसानेच केलेली असल्यामुळे ती बदलताही येते.

यावर ठरलेला उपदेश असा असतो: नोटिफिकेशन बंद ठेवा, ग्रुप म्यूट करा, दिवसातून दोनदाच मोबाईल बघा, मन शांत ठेवा. प्रशिक्षण शिबिरांत वेळेच्या नियोजनावर बोलायला येणारे वक्ते हेच सांगतात. एम.ए.ला आम्हाला सी. राईट मिल्स होता. त्याने १९५९ साली मांडलेला भेद आजही उपयोगी पडतो. एका माणसाची अडचण ही त्याची खासगी अडचण असू शकते, पण तीच अडचण हजारो माणसांना एकाच वेळी, एकाच पद्धतीने येत असेल तर तिचे कारण त्या माणसांच्या स्वभावात शोधून चालत नाही, ते रचनेत शोधावे लागते. गावोगावच्या आशाताईंच्या, अंगणवाडी सेविकांच्या, शिक्षकांच्या, ग्रामसेवकांच्या मोबाईलवर हिरव्या गोळ्यात शेकड्यांचे आकडे साचलेले दिसतात. एवढी सगळी माणसे एकदम आळशी झाली का?

साधा हिशोब करू. दोनशे जणांच्या ग्रुपवर एकाने एक ओळ टाकली. टाकायला पाच सेकंद लागले. प्रत्येकाला ती उघडून, वाचून, ‘आपल्यासाठी नाही’ हे ठरवायला दहा सेकंद धरा. दोनशे जणांचे दोन हजार सेकंद, म्हणजे अर्ध्या तासाहून जास्त श्रम खर्ची पडले. पाठवणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही. २०२२ पासून तर व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपमध्ये १०२४ माणसे बसतात, पूर्वी २५६ बसायची. खर्च एकाने करायचा आणि बिल दुसऱ्याने भरायचे, असा हा व्यवहार आहे. ज्याला बिल भरावे लागत नाही तो हात का आखडेल?

आता जरा मागे जाऊ. तहसील किंवा पंचायत समितीचे कागद ज्यांनी हाताळले आहेत, त्यांना आठवेल. सरकारी पत्राला विषय असतो, संदर्भ असतो, जावक क्रमांक असतो. पोहोचले की आवक नोंदवहीत नोंद होते. आणि पत्राच्या शेवटी लिहिलेले असते की कुणाला ‘माहितीसाठी’ आणि कुणाला ‘आवश्यक कार्यवाहीसाठी’. या दोन शब्दांत फार मोठी सोय आहे. माहितीसाठी आलेला कागद सवडीने वाचता येतो. कार्यवाहीसाठी आलेल्या कागदावर कुणाचे तरी नाव असते, बऱ्याचदा मुदत असते, आणि काम झाले नाही तर स्मरणपत्र येते. या कागदी कारभाराचे गोडवे मला गायचे नाहीत. त्या कचेऱ्यांच्या पायऱ्यांवर आपल्या लोकांच्या किती पिढ्या झिजल्या, ते आपल्याला माहीत आहे. पण कळवले की नाही कळवले, कुणाला कळवले, कधी कळवले, याचा पुरावा त्या व्यवस्थेत पाठवणाऱ्याला द्यावा लागायचा.

ग्रुपने हे सगळे मोडून टाकले. विषय गेला, मुदत गेली, नाव गेले. त्रुटीचे पत्र, सरांचा वाढदिवस, उद्याच्या बैठकीची वेळ आणि गुलाबाच्या फुलावरचे ‘शुभ सकाळ’ ही चारही एकाच रांगेत, एकाच आकाराच्या चौकटीत आणि एकाच आवाजात येतात. गोळ्यातला आकडा सांगतो ‘२१४’. त्या २१४ मध्ये माझ्याकडून कुणाला काय हवे आहे, ते तो सांगत नाही. पुरावा मात्र उरला, फक्त तो उलटा फिरला. आता कळवल्याचा पुरावा मागितला जात नाही, वाचल्याचा मागितला जातो.

हा पुरावा म्हणजे निळी टिक. २०१४ च्या नोव्हेंबरात ती आली. लोकांनी ओरड केल्यावर कंपनीने ती बंद करण्याची सोय दिली, पण ही सोय एकास एक संभाषणापुरतीच आहे. ग्रुपमध्ये ती चालत नाही. ग्रुपवर मेसेज टाकणारा माणूस त्या मेसेजची माहिती उघडून कुणी वाचला, कुणाला नुसताच पोहोचला, याची यादी बघू शकतो. मित्रांच्या गप्पांत ही गंमत असेल. कार्यालयात तो हजेरीपट होतो. आमच्या बैठकांत ही यादी मोठ्याने वाचली गेली आहे. आणि खोटे कशाला बोलू, एकदा मीही ती वाचली आहे, माझ्यापेक्षा कमी मानधनावर काम करणाऱ्या मुलाला झापण्यासाठी. त्या दिवशी त्याच्या घरी आजारपण होते, हे मला नंतर कळले.

म्हणून ‘म्यूट करा ना’ हा सल्ला मला पटत नाही. म्यूट कोण करू शकतो? साहेब करू शकतात. साहेबांनी मेसेज तीन दिवस वाचला नाही तर त्याला ‘साहेब कामात आहेत’ म्हणतात. ताईंनी तीन तास वाचला नाही तर त्याला ‘निष्काळजीपणा’ म्हणतात. ज्याचे न वाचणे खपून जाते तो वर, आणि ज्याला वाचावेच लागते तो खाली. कुठल्याही कार्यालयाची खरी उतरंड समजून घ्यायची असेल तर खुर्च्या मोजू नका, कुणाचे न वाचलेले मेसेज माफ होतात ते बघा.

आता कुणी म्हणेल की ही माणसाची वृत्ती आहे, त्यात ॲप काय करणार? ॲप पुष्कळ करू शकते, आणि काही ॲप करतातही. स्लॅक नावाचे ॲप मुळात कार्यालयीन कामासाठीच २०१३-१४ मध्ये आले. त्यात न वाचलेले काही असेल तर त्या गटाचे नाव नुसते ठळक होते. लाल आकडा तेव्हाच येतो, जेव्हा कुणीतरी तुमचे नाव घेऊन तुम्हाला विचारलेले असते किंवा थेट तुम्हालाच लिहिलेले असते. म्हणजे ‘काहीतरी चालले आहे’ आणि ‘तुझी गरज आहे’ हे दोन वेगळे निरोप वेगळे दिसतात. सरकारी पत्रातले ‘माहितीसाठी’ आणि ‘कार्यवाहीसाठी’ तेच की! शिवाय मोठ्या गटात सगळ्यांना एकदम हाक मारायला गेलात तर पाठवण्याआधी ते विचारते, इतक्या माणसांना सूचना जाणार आहे, पाठवायची का? हा एक प्रश्न पाठवणाऱ्याला त्याचे बिल दाखवतो. रात्री लिहिलेला मेसेज सकाळी जाईल असा लावून ठेवायची सोयही त्यात आहे.

झुलिप नावाचे दुसरे एक ॲप आहे. ते २०१५ पासून मुक्त-स्रोत आहे, म्हणजे कुणीही ते आपल्या सर्व्हरवर फुकट चालवू शकतो. त्यात प्रत्येक मेसेज कुठल्यातरी विषयाखाली जातो. दोन दिवस रजेवर असलेला माणूस परत आल्यावर मेसेजचा ढीग उपसत बसत नाही. तो विषयांची यादी बघतो, ‘स्वाधार त्रुटी’ उघडतो, ‘वाढदिवस’ न उघडताच बाजूला सारतो. ही काही जादू नाही. पत्रावर विषय लिहायची आपलीच जुनी पद्धत आहे ती.

व्हॉट्सॲपमध्येही असे काही तुकडे आहेत. @ लावून नाव घेता येते, आणि ज्याचे नाव घेतले त्याला गोळ्याशेजारी ती खूण दिसते. मेसेज वर पिन करता येतो. फक्त ॲडमिननेच लिहायचे, असा ग्रुप करता येतो. २०२४ पासून न वाचलेले वेगळे काढून बघता येतात. पण या सगळ्या सोयी ज्याला हव्या त्याने वापराव्यात अशा आहेत, आणि पाठवणाऱ्याला त्या वापरण्याची काहीच निकड नाही. रचनेत खरी सत्ता असते ती मुळात लावून दिलेल्या पर्यायात. जे आपोआप होते तेच शंभरातले नव्वद जण करतात. माझी मागणी त्या मुळातल्या पर्यायाबद्दल आहे. कामाच्या ग्रुपवर लिहिताना ॲपने आधी विचारावे: माहिती की काम? काम असेल तर कुणाचे आणि कधीपर्यंत? ही दोन उत्तरे दिल्याशिवाय ते ‘काम’ म्हणून जाऊ नये. काम ज्याचे आहे त्याच्या फोनवर ते एका वेगळ्या यादीत राहावे, आणि त्याने ‘घेतले’ म्हणेपर्यंत ते पोहोचले असे मानले जाऊ नये. मुदत जवळ आली आणि उत्तर नाही, तर पहिली आठवण पाठवणाऱ्याला व्हावी. कारण विचारणे त्याचे काम आहे. माहितीच्या मेसेजला आकडाच नको. आणि वाचल्याची यादी वरच्याला दिसत असेल, तर वरच्याने खालच्यांचे किती प्रश्न न वाचता ठेवलेत तेही ग्रुपला दिसू द्या. नाहीतर दोन्ही बंद करा.

स्लॅक आणि झुलिपची नावे घेतली म्हणून कुणी उद्याच तालुक्याला ते बसवायला निघू नये. आपल्या ताईंच्या फोनमध्ये आणखी एका ॲपला जागा नसते, आणि नवे ॲप वरून लादले तर काय होते ते महाराष्ट्राने पाहिले आहे. २०२१ मध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी निकृष्ट मोबाईल आणि इंग्रजीतले पोषण ट्रॅकर ॲप यांच्या निषेधात सरकारी मोबाईलच परत केले होते. ते तंत्रज्ञानाला भिऊन केलेले आंदोलन नव्हते. ज्या वस्तूने आमच्या कामाचे मोजमाप होणार ती आम्हाला विचारून बनवा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. मेसेजच्या ॲपलाही हाच नियम लागतो. मोबाईल हातात धरून भाकरी थापणारी बाई रचना ठरवण्याच्या खोलीत असली पाहिजे.

कायद्याचे काय? कामाच्या तासांचा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते सांभाळत असताना त्यांनी आणलेल्या कारखाना कायद्याच्या दुरुस्तीने १९४६ साली बारमाही कारखान्यांतला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. तेव्हा भोंगा वाजला की काम संपत होते. आता भोंगा खिशात आहे आणि तो थांबत नाही. यावर देशोदेशी कायदे झाले आहेत. फ्रान्समध्ये २०१७ पासून ५० किंवा अधिक कामगार असलेल्या कंपन्यांना या विषयावर कामगार प्रतिनिधींशी बोलणी करावी लागतात. ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून कामाच्या वेळेबाहेरचा मेसेज न बघण्याचा, न वाचण्याचा, उत्तर न देण्याचा हक्क कामगाराला मिळाला, अर्थात नकार अवाजवी नसेल तर. पोर्तुगालने २०२१ मध्ये त्याच्या एक पाऊल पुढे जाऊन मालकावरच बंधन घातले की विश्रांतीच्या वेळेत त्याने संपर्क करू नये, आणीबाणी सोडून. या दोन पद्धतींतला फरक नीट लक्षात घ्या. एकीकडे खालच्याने ‘नाही’ म्हणायचे धाडस करायचे. दुसरीकडे वरच्याने हात आवरायचा. म्यूटचे बटण ऑस्ट्रेलियाच्या जातीचे आहे, मला पोर्तुगालच्या जातीचे बटण हवे आहे.

आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत असे खासगी विधेयक मांडले होते, त्याचा कायदा झाला नाही. आणि झाला तरी एक पेच राहतोच. असे कायदे ‘कर्मचाऱ्या’ला हक्क देतात. आशाताई सरकारच्या कागदावर कर्मचारी नाहीत, स्वयंसेविका आहेत. त्यांना पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला आहे. ज्याला कामाचे तासच नाहीत, त्याची कामाबाहेरची वेळ कशी मोजणार? त्यांच्यासाठी कायद्याची वाट बघत बसण्यापेक्षा ग्रुपची रचना बदलणे लवकर होईल, असे मला वाटते.

“रात्री बाळंतपणाची केस आली तर? अत्याचाराची घटना घडली तर?” हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो. त्याचे उत्तर सोपे आहे: फोन करा. तातडीचा निरोप दोनशे जणांच्या ग्रुपवर टाकणे ही तातडी नाही, तो तातडीचा देखावा आहे. फोन करणाऱ्याला नंबर शोधावा लागतो, कुणाला करायचा हे ठरवावे लागते, समोरचा झोपेतून उठला तर त्याचा आवाज ऐकावा लागतो. तिथे पाठवणाऱ्यालाही काही किंमत मोजावी लागते, म्हणून विनाकारण फोन कुणी करत नाही.

आणखी एक नवा तोडगा आता पुढे येतो आहे. एआय सगळे न वाचलेले मेसेज वाचून चार ओळींत सारांश देईल. स्लॅकने २०२४ मध्ये ही सोय आणली, व्हॉट्सॲपने २०२५ मध्ये अमेरिकेत इंग्रजीपासून सुरुवात केली. उपयोग होईल, मी नाही म्हणत नाही. पण आमच्या ग्रुपवर काय असते? रोमन लिपीतले मराठी, दीड मिनिटाचा व्हॉइस मेसेज, आणि आडव्या फोटोतल्या पत्राच्या तिसऱ्या परिच्छेदात दडलेली मुदत. सारांशातून ती मुदत सुटली तर जबाबदार कोण? कंपनी नाही, ते नक्की. शिवाय वाचणाऱ्याचे ओझे यंत्राने हलके केले की टाकणारा आणखी मोकाट सुटेल. आधी दोनशे टाकायचा, आता पाचशे टाकेल. ‘सारांशात आलं होतं ना!’ हे वाक्य मला आताच ऐकू येते आहे.

आता थोडे आपल्या घरात बघू. जयंती समितीचा ग्रुप, विहाराचा ग्रुप, विद्यार्थी संघटनेचा ग्रुप, वाचकवर्गाचा ग्रुप. सकाळी शंभर ‘जय भीम’, त्यावर शंभर ‘जय भीम’. अभिवादन आपल्या स्वाभिमानाची खूण आहे, त्याच्याशी माझे भांडण नाही. पण ज्या दिवशी एखाद्या वस्तीत रक्त हवे असते, एखाद्या पीडित कुटुंबाला पोलीस ठाण्यात सोबत हवी असते, एखाद्या पोराच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख असते, त्या दिवशी तो मेसेज त्या दोनशेच्या खाली कुठेतरी असतो. आणि आपणही मग म्हणतो, ‘ग्रुपवर टाकलं होतं’. साहेबांना जे ऐकवतो ते आपल्या समितीच्या अध्यक्षांनाही ऐकवले पाहिजे.

त्या बैठकीनंतर आम्ही आमच्यापुरते काही बदलले. एका ग्रुपचे दोन केले. एकावर फक्त काम, दुसऱ्यावर शुभेच्छा, फोटो, गप्पा, आणि त्यावर असायची सक्ती नाही. कामाच्या ग्रुपवर पहिली ओळ ठरलेली: ‘माहितीसाठी’ किंवा ‘कार्यवाहीसाठी’, मग नाव, मग तारीख. पत्राचा फोटो टाकायचा तर त्यातली मुदत हाताने लिहायची. संध्याकाळी सातनंतर काही नाही. ज्याचे काम आहे त्याने ‘घेतले’ लिहीपर्यंत पाठवणाऱ्याची जबाबदारी संपत नाही, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ‘घेतले’ आले नाही तर पाठवणाऱ्याने फोन करायचा. वाचल्याची यादी बैठकीत काढायची नाही.

सगळे सुरळीत चालले आहे असे नाही. पहिल्या महिन्यात प्रत्येक मेसेज ‘कार्यवाहीसाठी’ होता, चहाच्या बिलासकट. एक वरिष्ठ अजूनही रात्री दहाला लिहितात, फक्त आता ग्रुपऐवजी ताईंच्या वैयक्तिक नंबरवर. त्यांना हे कोण सांगणार, यावर आमची दोनदा चर्चा झाली आहे आणि दोन्ही वेळा सगळ्यांनी माझ्याकडे बघितले आहे. पण ताईंचा अकरा ग्रुपांपैकी एक ग्रुप आता रिकामा दिसतो. या वर्षीच्या सात अर्जांतल्या तीन त्रुटी मुदतीत गेल्या.

उरलेले दहा ग्रुप आमच्या हातात नाहीत, ते सरकारी कार्यालयांचे आहेत. जिथून त्रुटीची पत्रे येतात त्या कार्यालयाला आम्ही गेल्या महिन्यात लेखी अर्ज दिला. ग्रुपवर पत्र टाकताना विद्यार्थ्याचे नाव, त्रुटी आणि शेवटची तारीख मजकुरात लिहावी, आणि संबंधितांना फोनने कळवावे, एवढीच मागणी आहे. अर्ज घेणाऱ्या लिपिकांनी तो वाचला, हसले आणि म्हणाले, “अहो, हे ग्रुपवरच टाकायचं ना.” आम्ही शिक्का मागितला. आवक क्रमांक मिळाला आहे. उत्तराची वाट बघतो आहोत.

जय भीम.